गायनाच्या प्रवेशचाचणीला जाताना
पदवीच्या गायन प्रवेशचाचणीसाठी नवा, अवघड राग घाईघाईने बसवू नका. यमन किंवा भूप पक्का असेल तर बिनधास्त तोच गा. वेळ थोडाच मिळतो. पाच-सात मिनिटांत आलाप, बंदिश आणि चार ताना बसतात का, हे मोबाइलवर रेकॉर्ड करून बघा. अ‍ॅपच्या तबल्यावरच रियाज होत असेल तर दोन-चार वेळा तबलावादकाला समोर बसवा. विलंबित (संथ लयीच्या) एकतालात सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, निसटते, ते इथेच कळतं. पट्टी, म्हणजे तुमचा सा पेटीच्या कोणत्या स्वरावर, हे विचारल्यावर चाचपडू नये, काळी चार की पांढरी एक, ते ठाऊक हवं. त्रितालाचा ठेका हातावर टाळी-खाली दाखवत दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीतही म्हणता आला पाहिजे. गाणारी मुलं नेमकं हेच विसरतात. मध्येच थांबवलं तर घाबरू नका, अंदाज आला की परीक्षक थांबवतातच.