पुराच्या दिवसांत आरोग्याचा बॉट: आधी वही करा

जुलै 2021 मध्ये पंचगंगेला पूर आला, तेव्हा कोविडही होताच. आमच्या तालमीतला, म्हणजे गल्लीच्या मंडळातला, मदतीचा फोन माझ्याकडे होता. आलेला प्रत्येक प्रश्न मी वहीत लिहून ठेवला, विचारणाऱ्याच्याच शब्दांत. व्हॉट्सॲपवर बॉट, म्हणजे निरोपांना आपोआप उत्तर देणारी सोय, करायचाय म्हणून कुणी आलं, की मी आधी अशी वही करायला सांगते.

कारण "अतिसाराची लक्षणे" कुणीच विचारत नाही. "पोरगं सकाळपास्नं ढाळतंय", "आईच्या पोटऱ्या लई दुखाय लागल्यात, अंगात कणकण हाय" असं येतं. कुणी मराठीच रोमन अक्षरांत लिहितं, कुणी नुसता आवाज पाठवतं. म्हणून ढाळ, जुलाब, हगवण, संडास या सगळ्यांना एकच उत्तर जोडा, रोमन स्पेलिंगसकट. आवाजी निरोप थेट माणसाकडे जाऊ दे.

मेनू पाच ओळींचा पुरे. "माणसाशी बोला" हा पर्याय मात्र प्रत्येक निरोपाखाली हवाच. फोटो, पीडीएफ नको. वीज गेलेली असते, बॅटरी जपायची असते.

आता उत्तरं. सल्ल्याआधी धोका विचारा: दम लागतोय का, झटके आलेत का, बाळ सुस्त पडलंय का, पाणीही घेत नाही का, साप चावलाय का? एकालाही "हो" आलं, तर 108 लावायला सांगा आणि त्याच क्षणी तालमीतल्या ड्युटीवरच्या माणसाला कळवा. त्या निरोपात दुसरं काहीच लिहू नका. घाबरलेला माणूस पहिली ओळच वाचतो.

ओआरएसबाबत माझ्याकडून चूक झाली होती. "एक पाकीट, एक लिटर पाणी" एवढंच मी लिहिलं. एका घरात 200 मिलीचं छोटं पाकीट होतं, ते लिटरभर पाण्यात कालवलं गेलं. तेव्हापासून लिहिते: "पाकिटावर छापलंय तेवढंच उकळून गार केलेलं पाणी घ्या."

पुराच्या पाण्यात चाललेल्याला ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, पुराच्या पाण्यातून होणारा आजार) शंका घेऊन त्याच दिवशी दवाखान्यात पाठवा. गोळीचं नाव आणि डोस बॉटनं सांगायचा नाही. एआय वापरत असाल तर त्यानं प्रश्न ओळखावा. उत्तर डॉक्टरांनी तपासलेलं, तारीख घातलेलं, आधीच लिहून ठेवलेलंच जावं.

"बाळ आता कसं आहे?" हे दुसऱ्या दिवशी विचाराच, पण त्यांचा शेवटचा निरोप आल्यापासून 24 तासांच्या आत. त्यानंतर बॉटच्या बिझनेस खात्यावरून व्हॉट्सॲपनं आधी मंजूर केलेला साचाच (ठरलेला मजकूर) पाठवता येतो, साधा निरोप जात नाही.

गाव आणि वय एवढंच विचारा, आधार नंबर मागू नका. पाणी ओसरलं, चौकशा थांबल्या, की फोन नंबरांची यादी पुसून टाका.