रेडवुडच्या जंगलात दोघांचं लग्न: तयारीची यादी

यादीची पहिली ओळ: आईवडिलांना फोन. कागदपत्रं, परवानगी, साडी हे सगळं त्यानंतर. अमेरिकेत ज्याला 'इलोपमेंट' म्हणतात त्याचं मराठी करायला गेलं तर 'पळून जाऊन लग्न' होतं, आणि सांगलीत बसलेल्या आईच्या पोटात ते ऐकूनच गोळा येतो. आम्ही कोणापासून पळत नव्हतो. आम्हाला चार माणसांत, कॅलिफोर्नियातल्या रेडवुड नावाच्या दोन हजार वर्षांच्या झाडांखाली लग्न करायचं होतं, एवढंच. पहिल्या फोनला आई गप्प बसली. दुसऱ्या फोनला म्हणाली, नातेवाइकांना काय सांगू? तिसऱ्या फोनला तिनं विचारलं, "तिथे मुहूर्त कोण काढणार?" खरी तयारी तिथून सुरू झाली. हे तीन फोन टाळून पुढच्या ओळींवर जाऊ नका. लग्नाचे फोटो पाहून आईला बातमी कळावी, असं कोणत्याच आईच्या वाट्याला येऊ नये.

मुहूर्ताचं उत्तर सोपं आहे. पंचांग स्थळाप्रमाणे बदलतं, सूर्योदयच वेगळा असतो, त्यामुळे सांगलीचा मुहूर्त साडेबारा तास मागे नेऊन चालत नाही. गुरुजींना लग्नाच्या गावाचं नाव द्या. आम्ही क्रेसेंट सिटी दिलं. त्यांना सकाळच्या वेळा मागा, कारण कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात सकाळचे नऊ वाजतात तेव्हा भारतात रात्रीचे साडेनऊ झालेले असतात आणि घरची मंडळी जागी असतात. शक्यतो मंगळवार ते गुरुवार यांतला दिवस निवडा. शनिवारी गाडी लावायला जागा मिळणार नाही आणि सप्तपदी चालताना मागे पंधरा पर्यटक वाट बघत उभे राहतील.

जागा ठरवायला मात्र वेळ द्या. कोस्ट रेडवुड कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात आणि ओरेगॉनच्या अगदी दक्षिण टोकाला वाढतो. त्यातलं कधीही न तोडलेलं जुनं जंगल आता जेमतेम पाच टक्के उरलं आहे. सॅन फ्रान्सिस्कोजवळचं म्युअर वुड्स सगळ्यांना माहीत असतं, पण तिथे गर्दी फार, आणि 2018 पासून पार्किंगचं आरक्षणही आधी करावं लागतं. आम्ही उत्तरेला गेलो, ओरेगॉनच्या सीमेजवळ, जेडेडाया स्मिथ रेडवुड्स स्टेट पार्कमधल्या स्टाउट ग्रोव्हमध्ये. स्मिथ नदीच्या काठी सपाट जमिनीवर उभी असलेली ही राई. नदीच्या पुराचा गाळ इथे येऊन बसतो, म्हणून खाली झुडपांची दाटी नाही, फक्त नेचे आणि त्यांच्यातून सरळ वर गेलेले बुंधे. सुमारे अर्ध्या मैलाची गोल पायवाट आहे. साडी नेसून, चप्पल सांभाळत चालायला तेवढी पुरे. वय झालेली मंडळी येणार असतील तर मी हीच जागा सुचवेन.

सॅन फ्रान्सिस्कोपासून क्रेसेंट सिटी साडेतीनशे मैलांच्या आसपास आहे. लग्नाच्या दिवशी पहाटे निघून पोचू असं मनातही आणू नका. आदल्या दुपारीच मुक्कामी पोचा. क्रेसेंट सिटीच्या थोडं दक्षिणेला 101 क्रमांकाच्या रस्त्यावर लास्ट चान्स ग्रेड नावाचा टप्पा आहे. तिथली दरड वर्षानुवर्षं समुद्राकडे सरकते आहे, त्यामुळे सतत दुरुस्ती चालू असते आणि कधी एकाच बाजूची वाहतूक सोडतात. निघण्याआधी रस्त्याची स्थिती बघा. शेवटचा हाउलंड हिल रोड कच्चा आणि अरुंद आहे, दोन्ही बाजूंना बुंधे अगदी खेटून. मोठी गाडी भाड्यानं घेऊ नका.

ऋतूचं थोडक्यात सांगते. ऑक्टोबर ते एप्रिल पावसाचे महिने. उन्हाळ्यात पाऊस कमी, पण समुद्रावरून धुकं आत येतं. रेडवुडला वर्षभरात लागणाऱ्या पाण्यातलं एक तृतीयांशापर्यंत पाणी या धुक्यातून मिळतं, म्हणजे धुकं नको म्हणणं तिथे शोभत नाही. फोटोंनाही ढगाळ हवाच बरी. कडक ऊन असलं की चेहऱ्यावर कवडसे पडतात, अर्धा गाल पांढरा आणि अर्धा काळा. आम्ही जूनचा पहिला आठवडा घेतला. सकाळी नऊला गारठा होता आणि पानांवरून पाणी ठिबकत होतं.

परवानगी दोनच माणसं असली तरी विचारा. रेडवुड राष्ट्रीय उद्यान आणि त्याला जोडलेली तीन स्टेट पार्कं यांचा कारभार 1994 पासून केंद्र आणि राज्य मिळून चालवतात. नकाशावर त्यांच्या हद्दी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. म्हणून आधी जागा ठरवा, मग ती कोणाच्या ताब्यात आहे ते बघून त्या ऑफिसला लिहा. माणसं किती, वेळ कोणती, फोटो कोण काढणार, सोबत काय सामान आणणार, हे सगळं एकाच पत्रात खरं खरं सांगा. आम्ही 'कापडी अंतरपाट, दोन माणसं हातात धरणार' असं लिहिलं होतं. झाडाला काही बांधणार नाही, हेही लिहिलं.

आता लायसन्स, आणि इथे चूक परवडत नाही. कॅलिफोर्नियात लग्नाआधी काउंटी (म्हणजे जिल्हा) क्लार्ककडून मॅरेज लायसन्स घ्यावं लागतं. दोघांनी स्वतः जायचं, पासपोर्ट सोबत. नागरिकत्वाची किंवा त्या राज्यात राहत असण्याची अट नाही, थांबण्याचा काळही नाही. लायसन्स 90 दिवस चालतं आणि कोणत्याही काउंटीतून घेतलं तरी राज्यभर चालतं, म्हणून आम्ही घराजवळूनच घेतलं. साध्या लायसन्सला किमान एक साक्षीदार लागतो. दोघं आधीपासून एकत्र राहत असाल तर कॉन्फिडेन्शियल लायसन्सही मिळतं. त्याला साक्षीदार लागत नाही आणि त्याची नोंद इतरांना पाहता येत नाही.

मुलींनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. लग्नानंतर नाव बदलायचं असेल तर नवं नाव लायसन्सच्या अर्जातच लिहावं लागतं, नंतर वाढवता येत नाही. आपल्याकडे स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव अशी रीत. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात मधल्या नावासाठी जे पर्याय दिले आहेत ते आडनावांवर आणि सध्याच्या मधल्या नावावर बेतलेले आहेत. नवऱ्याचं पहिलं नाव त्यांत बसत नाही. त्यासाठी कोर्टात वेगळा अर्ज करावा लागतो. काउंटरवर उभं राहिल्यावर हे कळलं तर मागे रांग असताना आयुष्यभराच्या नावाचा निर्णय घाईत घ्यावा लागतो. घरी बसून, दोघांनी बोलून ठरवा. मी माझं माहेरचं नाव आहे तसं ठेवलं, आणि तो निर्णय मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी घेतला याचं मला समाधान आहे.

लग्न लावणारी व्यक्ती कायद्यात बसणारी हवी: कोणत्याही धर्माचे पुरोहित, न्यायाधीश, किंवा काही काउंट्या एका दिवसापुरती नेमणूक देतात तशी नेमलेली मैत्रीण. आमची मैत्रीण तशी नेमलेली होती. लग्न ज्या काउंटीत होणार तिथे तिची नेमणूक चालेल ना, हे क्लार्कला आधी विचारून घ्या. तिचा नवरा साक्षीदार आणि फोटोवाला. झाले चार.

सामानाच्या यादीत काय न्यायचं यापेक्षा काय नाही न्यायचं ते मोठं आहे. अक्षता नाहीत. अक्षतांशिवाय लग्न हे आईला पटवायला मला एक पक्षी कामी आला. मार्बल्ड म्युरलेट नावाचा हा समुद्रपक्षी मासे समुद्रात पकडतो आणि अंडं घालायला जुन्या जंगलातल्या झाडांच्या रुंद, शेवाळलेल्या फांद्यांवर येतो. एका वेळी एकच अंडं. त्याचं घरटं कुठे असतं हे पक्षीतज्ज्ञांना कितीतरी वर्षं सापडत नव्हतं. 1974 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बिग बेसिनच्या जंगलात ते मिळालं. माणसांनी सांडलेले खाण्याचे कण टिपायला 'जे' नावाचे पक्षी आणि डोमकावळे येतात, तिथेच राहतात, आणि मग या पक्ष्याची अंडी-पिल्लं खातात. म्हणून या पार्कांमध्ये एक कणही सांडू नका असं बजावून सांगतात. तांदळाची मूठ म्हणजे त्यांना आमंत्रणच. आईनं ऐकलं आणि म्हणाली, मग अक्षता आम्ही इथे देवासमोर टाकू. त्यांनी टाकल्या, आणि ताटलीचा फोटो पाठवला.

होमही नाही, जंगलात अग्नी नाही. आदल्या रात्री मुक्कामाच्या घरात समई लावली, तिथेच गणपतीची पूजा आणि कन्यादानाऐवजी दोन्ही घरच्यांचा व्हिडिओवर आशीर्वाद. सप्तपदी मात्र जंगलात. तांदळाच्या सात राशींऐवजी पायवाटेवर एक उपरणं अंथरलं आणि त्यावर सात सुपाऱ्या मांडल्या. अंथरायचं ते पायवाटेवरच, बाजूच्या मऊ जमिनीवर नाही. शंभर मीटर उंचीच्या या झाडांची मुळं साधारण दोन ते चार मीटरच खोल जातात. ती आडवी पसरतात, शेजारच्या मुळांत गुंफली जातात आणि त्यावर झाड उभं राहतं. माणसांच्या पावलांनी माती दबली की मुळांना त्रास होतो. जगातलं सगळ्यात उंच म्हणून गाजलेलं हायपेरियन नावाचं झाड 2022 मध्ये लोकांना बंद करावं लागलं, कारण ते शोधत येणाऱ्यांनी त्याच्या भोवतीचे नेचे तुडवून टाकले होते. आपल्याकडे देवराईत पानही खुडत नाहीत, चपला बाहेर काढतात. ज्याला ती शिस्त माहीत आहे त्याला इथले नियम नवे वाटणार नाहीत. हा मुलूख तोलोवा या मूळ रहिवाशांचा आहे, ते आजही तिथे राहतात. संकल्पात आपण देश-काळ उच्चारतो, त्यात आम्ही स्मिथ नदीचं आणि त्यांचं नाव घेतलं.

फुलांच्या पाकळ्या गळतात म्हणून हार लोकरीचे, माझ्या मावशीनं विणून पाठवलेले. मुंडावळ्या मोत्यांच्या. हिरवा चुडा आदल्या रात्री भरला आणि सकाळी उतरवून डब्यात ठेवला, कारण काचेची बांगडी पिचली तर तुकडे नेच्यांत कधीच सापडत नाहीत. हातात पाटल्या पुरे. साडी सुती नऊवारी, शिवलेली. पैठणीचा मोह होतो, पण ओल्या वाटेवर तिचा काठ चिखलानं भरेल आणि तुमचं लक्ष नवऱ्याऐवजी काठाकडे राहील. आतून थर्मल, वर शेला, पायात पकड असलेले बूट. हळद आदल्या दिवशी, भरपूर.

मंगलाष्टकं कागदावर मोठ्या अक्षरात छापून घ्या. तिथे फोनला रेंज नाही, त्यामुळे यूट्यूबवर लावू ही कल्पना सोडा. नकाशाही आधीच उतरवून ठेवा. आम्हाला दोन कडवी पाठ होती, बाकीची मैत्रिणीनं वाचली, चाल थोडी चुकली. त्या शांततेत आवाज हळूच ठेवावासा वाटतो. रेंज नाही म्हणून घरच्यांना वेळ आधी सांगून ठेवा: अकरापर्यंत फोन आला नाही तर घाबरू नका, रस्त्यात आहोत. पेढे गाडीतच खायचे, दारं लावून.

लायसन्स प्लॅस्टिकच्या पाकिटात, सोबत काळ्या शाईची दोन पेनं. खाडाखोड चालत नाही, म्हणून सह्या ओल्या लाकडावर टेकून करू नका. एक कडक पुठ्ठा न्या.

निघताना मोजणी करा. आमच्या सुपाऱ्या सहाच भरल्या. चौघं वीस मिनिटं वाकून वाट तपासत होतो, मी रडकुंडीला आले होते, आणि सातवी माझ्याच निऱ्यांत निघाली.

लग्न लावणाऱ्या व्यक्तीनं सही केलेलं लायसन्स 10 दिवसांच्या आत, जिथून घेतलं त्याच काउंटीला परत पाठवायचं असतं. आमच्या मैत्रिणीनं त्याच दुपारी क्रेसेंट सिटीतून टपालात टाकलं. दाखल्याची अधिकृत प्रत आपोआप घरी येत नाही, ती पैसे भरून मागवावी लागते. किमान तीन मागवा. एकीवर कॅलिफोर्नियाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून अपोस्टील, म्हणजे कागद परदेशात खरा धरला जावा म्हणूनचं प्रमाणपत्र, करून घ्या, भारतातल्या सरकारी कामांना ती लागते. एक घरी फाइलमध्ये. तिसरी मी सांगलीला पाठवली. आईनं ती देव्हाऱ्याखालच्या खणात, तिच्या स्वतःच्या लग्नपत्रिकेजवळ ठेवली आहे.