जुनं इंग्लिश विटांचं घर बघायला गेलात तर वय कसं ओळखायचं

पहिली गोष्ट, समोरच्या दारावर अजिबात विश्वास ठेवायचा नाही. इंग्लंडमधल्या जुन्या कंट्री हाऊसचा (श्रीमंतांच्या गावाकडच्या वाड्याचा) दर्शनी भाग म्हणजे मालकाने फॅशन बदलली की बदललेला कोट, आतलं शरीर शंभर-दीडशे वर्षं जास्त जुनं असू शकतं. त्यामुळे तिकीट काढलं की सरळ घराला वळसा घालून मागच्या बाजूला जा, स्वयंपाकघराकडची भिंत बघा, तिथे कोणी पैसे खर्च करून मेकअप केलेला नसतो.

आता वीट. चार थरांची उंची मोजायची, म्हणजे चार विटा आणि त्यांच्या चार दरजा (दर्ज म्हणजे दोन विटांमधला चुन्याचा किंवा सिमेंटचा सांधा). आजची इंग्लिश वीट ६५ मिमी आणि दर्ज १० मिमी, म्हणजे चार थर ३०० मिमी. ट्यूडर काळातली (साधारण १४८५ ते १६०३) वीट बारीक, जेमतेम दोन-सव्वादोन इंच जाड, कडा वाकड्या, एकीसारखी दुसरी नाही, त्यामुळे चार थर बरेच कमी भरतात. टेप नसेल तर हाताची वीत चालते, फक्त लोक बघतात तेवढं सहन करायचं.

मग रचना बघा. विटेचं लांब तोंड दिसतं तो स्ट्रेचर, आखूड दिसतं तो हेडर. एक अख्खा थर हेडरचा आणि त्यावर अख्खा थर स्ट्रेचरचा असेल तर इंग्लिश बाँड, ही जुनी पद्धत. एकाच थरात हेडर-स्ट्रेचर-हेडर-स्ट्रेचर असं चाललं असेल तर फ्लेमिश बाँड. लंडनजवळचा क्यू पॅलेस, १६३१ चा, हे त्याचं इंग्लंडमधलं सुरुवातीचं प्रसिद्ध उदाहरण, आणि पुढच्या शतकात सगळ्यांना तेच हवं झालं. नुसते स्ट्रेचरच दिसले तर ती भिंत बहुतेक विसाव्या शतकातली, पुढे चला.

जवळ जाऊन बघितलंत तर काही हेडर काळपट-निळसर आणि काचेसारखे चकचकीत दिसतील. भट्टीत आगीला लागून राहिलेल्या या विटा, ट्यूडर गवंड्यांनी त्या फेकल्या नाहीत, लाल भिंतीत शंकरपाळ्यांसारखी नक्षी काढायला वापरल्या. लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात ही नक्षी मस्त दिसते. उन्हाची तिरीप आली की लगेच कळते, ढगाळ दिवशी मात्र डोळे फाडून बघावं लागतं.

वीट का, दगड का नाही? नॉरफोक, एसेक्स, लिंकनशायरच्या बऱ्याच भागात बांधकामाचा चांगला दगड जवळपास नाही आणि बैलगाडीने लांबून दगड आणायचा म्हणजे दिवाळं. माती मात्र पायाखालीच, त्यामुळे भट्टी बऱ्याचदा साइटवरच लावायचे. पण गरिबाचं मटेरियल समजू नका, पंधराव्या शतकात विटेचा रुबाब होता. लिंकनशायरचा टॅटरशॉल कॅसल राल्फ क्रॉमवेलने तेव्हाच विटेत उभारला. त्यातल्या शेकोट्यांच्या नक्षीदार चौकटी विकून अमेरिकेला चालल्या होत्या, १९११ मध्ये लॉर्ड कर्झनने (हो, आपला बंगालच्या फाळणीवालाच) तो किल्ला विकत घेतला आणि त्या चौकटी परत आणून बसवल्या. माणूस आवडो न आवडो, हे काम चांगलं केलं.

बुजवलेली खिडकी दिसली की गाइड लगेच "विंडो टॅक्स!" म्हणतो. घराच्या खिडक्या मोजून लावलेला हा टॅक्स खरा होता, १६९६ ते १८५१, आणि तो वाचवायला लोक खिडक्या बुजवायचे. पण कोनाडा भिंतीबरोबरच नीट बांधलेला असेल, विटा आणि दरजा आजूबाजूसारख्याच असतील, तर ती खिडकी कधी उघडी नव्हतीच, नुसती सिमेट्रीसाठी आहे. ठिगळ वेगळं दिसलं तरच नंतर बुजवलेली. विटांवरही टॅक्स होता, १७८४ ते १८५०, हजार विटांमागे, म्हणून काही लोकांनी विटाच मोठ्या पाडल्या, मग सरकारने मोठ्या विटेवर जास्त कर लावला.

पावसाच्या पाइपच्या वर शिशाची पेटी असते, तिच्यावर बऱ्याचदा साल असतं. मी एका घराचं वय ते साल वाचून सगळ्या ग्रुपला छातीठोक सांगितलं, आणि मागच्या भिंतीपाशी गेल्यावर तोंडावर पडलो, कारण ते साल पाइप बसवल्याचं होतं, भिंत कितीतरी जुनी. धुराड्यांचंही तसंच, नॉरफोकचा ऑक्सबर्ग हॉल १४८२ च्या परवान्याचा, पण त्याची बरीचशी धुराडी एकोणिसाव्या शतकातली.

शेवटी दर्ज बघा. जुन्या भिंतीत चुना असतो, पांढरट आणि मऊसर, ओल बाहेर जाऊ देतो. कोणीतरी हुशारी करून वरून सिमेंट भरलं असेल तर करडी कडक रेघ दिसते आणि तिच्या शेजारच्या विटांचे पापुद्रे निघालेले असतात, कारण ओल आता विटेतून बाहेर पडते आणि थंडीत गोठून तोंड उडवते. नखाने खरवडून बघायचा मोह होईल, पण करू नका, बहुतेक ही घरं लिस्टेड, म्हणजे कायद्याने संरक्षित, असतात. घरी येऊन नॅशनल हेरिटेज लिस्टवर (इंग्लंडच्या संरक्षित वास्तूंची ऑनलाइन यादी) नाव टाका, ग्रेड वन, टू स्टार की टू ते कळेल, आणि तुमचा अंदाज किती शतकांनी चुकला तेही.