माझदा एमएक्स-५ चालवून कशी पाहावी

माझदा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर स्वराज माझदाची शाळेची बस येते. त्याच जपानी माझदाने फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या वाहन प्रदर्शनात दोन सीटची, उघड्या छपराची एक चिमुकली गाडी आणून ठेवली. तिचं नाव एमएक्स-५, अमेरिकेत मियाटा. बाज लोटस एलान या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा, इंजिन १.६ लिटरचं, वजन साडेनऊशे किलोच्या आसपास आणि अमेरिकेतली किंमत १३,८०० डॉलर. २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी तयार झाली. भारतात ती विकायला आली नाही, पण इंग्लंडमध्ये जागोजागी दिसते. तिथे राहत असाल, सेकंडहँड घ्यायचा विचार असेल किंवा फिरायला गेल्यावर दिवसभर भाड्याने घेणार असाल, तर हे वाचा. स्टीअरिंग उजवीकडे, रस्ता डावीकडून, म्हणजे आपल्याला काही नवीन शिकायचं नाही. मी लिहितोय ते २०१५ मध्ये आलेल्या चौथ्या पिढीच्या दीड लिटरच्या, हाताने गिअर टाकायच्या गाडीबद्दल.

तुम्ही म्हणाल, आपली स्विफ्टही नऊशे किलोच्या आसपासच भरते, मग हिचं एवढं कौतुक कशाला? फरक वजन कुठे ठेवलंय यात आहे. हिचं इंजिन पुढच्या चाकांच्या रेषेमागे सरकवलेलं, ताकद मागच्या चाकांना, आणि तुम्ही जवळजवळ मागच्या चाकांपाशीच बसलेले. वजन पुढे-मागे साधारण निम्मं-निम्मं. मागचं चाक जरा घसरलं तर डोळ्यांआधी कंबरेला कळतं.

आधी हवा आणि बसणं

टायर थंड असताना हवा तपासा. या गाडीला २९ पीएसआय लागते. बरेच जण सवयीने ३३-३५ भरतात आणि मग ‘गाडी फार उडते’ म्हणतात.

सीट इतकी खाली आहे की रस्त्यावर मांडी घालून बसल्यासारखं वाटतं. क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहील इतकं पुढे बसा. सहा फुटांच्या वर उंची असेल तर गुडघा स्टीअरिंगला लागतो का ते उभ्या गाडीतच पाहा. स्टीअरिंग जवळ-लांब करायची सोय २०१९ च्या मॉडेलपासून आली. त्याआधीच्या गाडीत ते फक्त वर-खाली होतं.

गावात दहा मिनिटं

लगेच डोंगराकडे धावू नका. गावातच दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा करत राहा. गिअरचा दांडा बोटभर हलतो आणि खट्कन बसतो. मनगटाचं काम, खांद्याचं नाही. मग दुसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर सोडा आणि पुन्हा दाबा. हिसका जवळजवळ बसत नाही. गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शिअल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) यांना जोडणारी अॅल्युमिनियमची एक लांब चौकट खाली आहे, त्यामुळे मधे ढिलेपणा उरत नाही. ताकद मात्र साडेचार हजार आरपीएमच्या वरच खरी लागते, लाल रेघ साडेसात हजारांवर. इंजिन ओरडलं म्हणून घाबरून गिअर वर टाकू नका.

वळण

आता खरी गोष्ट. इंग्लंडात बक्स्टनहून मॅकल्सफील्डला जाणाऱ्या ए५३७ सारखा डोंगरातला रस्ता घ्या. तिथे ताशी ५० मैलांची मर्यादा आहे आणि सरासरी वेग मोजणारे कॅमेरे आहेत. त्याने काही बिघडत नाही, ताशी चाळीस मैलांतही ही गाडी सगळं सांगते.

वळण दिसलं की ब्रेक सरळ रस्त्यावरच, आणि गिअरही तिथेच खाली. वजन नाकावर येतं, पुढचे टायर रस्त्यात रुततात. आता ब्रेक एकदम सोडू नका; दाब कमी करत करत स्टीअरिंग वळवा, एकदाच आणि हळू. गाडी बाहेरच्या बाजूला चांगलीच कलते. पहिल्यांदा बसणारा इथेच दचकतो: स्पोर्ट्स कार म्हणे, आणि ही तर होडीसारखी! हे कलणं मुद्दाम ठेवलेलं आहे. वजन कुठे गेलं ते त्यातूनच कळतं. क्षणभरात कलणं थांबतं आणि गाडी बाहेरच्या दोन चाकांवर बसते. ती बसेपर्यंत दम धरा, मग अॅक्सिलरेटर हळूहळू. मागची चाकं ढकलू लागतात, नाक हलकं होतं आणि स्टीअरिंग स्वतःच सरळ व्हायला पाहतं. माझदावाले याला ‘जिनबा इत्ताई’ म्हणतात, घोडा नि स्वार एकजीव.

वळणात वेग जास्त झाला तर काय करायचं नाही, ते मी पावसात एका राउंडअबाउटवर शिकलो. दुसऱ्या गिअरमध्ये जरा जोरातच शिरलो आणि घाबरून पाय झटकन उचलला. वजन पुढे गेलं, मागचे टायर हलके झाले, आणि बूड वीतभर बाहेर सरकलं. स्टीअरिंग उलट फिरवलं, तोवर इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने ब्रेक मारून सावरलंही होतं. ती यंत्रणा बंद करायचं बटण असतं, त्याला हात लावू नका. आणि पाय उचलायचाच असेल तर पायाखाली अंडं असल्यासारखा उचला.

तेच वळण परत येताना उलट बाजूने घ्या. उतारावर नाक आधीच जड असतं, म्हणून ब्रेक आणखी अलीकडे. ताम्हिणी उतरलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

घ्यायचीच असेल तर

गाडीचा नंबर टाकून एमओटीचा (तिथल्या सक्तीच्या वार्षिक तपासणीचा) इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट पाहता येतो. त्यात गंजाचे शेरे शोधा. पहिल्या दोन पिढ्यांत कापडी छपराचं पाणी वाहून जायची भोकं पाल्यापाचोळ्याने तुंबतात आणि दाराखालचा पत्रा आतून सडतो. मालकाला विचारून सीटबेल्टमागच्या भोकात पेलाभर पाणी ओता आणि मागच्या चाकापुढे वाकून बघा. पाणी खाली ठिबकायला हवं. नाही ठिबकलं, तर किंमत पाडून मागा किंवा दुसरी गाडी बघा.