माळ्यावरची ट्रंक खाली उतरवताना: गावच्या घरातलं जुनं सामान कसं लावावं

गावचं घर आवरायचं ठरलं की कुणीतरी हमखास सांगतं, "वर्षभरात हात लावला नाही ते सरळ टाकून द्यायचं." शहरातल्या कपड्यांच्या कपाटापुरतं हे ठीक आहे. तीन-चार पिढ्या नांदलेल्या घराच्या माळ्याला हाच नियम लावाल तर घात कराल. ज्या कागदाला चाळीस वर्षं कुणी हात लावलेला नसतो, तोच एक दिवस तलाठी मागतो. माहेरचं घर, सासरचं घर आणि नंतर नात्यातली बरीच घरं आवरल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. भांड्यात, कपड्यात, लाकडात चुकलात तर हळहळ वाटेल. कागदात चुकलात तर मुलाबाळांना कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतील. म्हणून बाकीचं मी भराभर सांगते आणि कागदांपाशी थांबते.

कधी आणि कुणाला घेऊन

संक्रांत ते होळी हा उत्तम काळ. पावसाळ्यात कागद दमट होऊन एकमेकांना चिकटतात, आणि मे महिन्यात कौलांखाली बसवत नाही. पण माणसं मे महिन्यातच जमतात, तर सकाळी नऊच्या आत वर जाऊन सामान उतरवा आणि बाकी दिवसभर ओटीवर काम करा. बोचक्याखाली थेट हात घालू नका, आधी काठीने हलवा. विंचू तिथेच असतो. सगळ्या भावंडांना आधी कळवा. घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस ओटीवर खुर्चीत बसवा, त्यांचं काम पुढे आहे.

माळ्यावर बसून निवडानिवड करायची नाही. सगळं खाली आणायचं आणि कुठली ट्रंक कुठल्या कोपऱ्यातली हे खडूने तिच्यावरच लिहायचं.

भांडी, कपडे, लाकूड

तांब्या-पितळेचं भांडं मोडीत देण्याआधी काठ चिंचेने घासून बघा. बारीक ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं नाव आणि तारीख निघते. कुणाच्या लग्नात, कुणाकडून आलं तेही कधी कधी असतं. असं भांडं ठेवा. नाव नसलेलं, चेपलेलं घंगाळ खुशाल मोडीत द्या, पण तांबं आणि पितळ वेगवेगळं तोलायला लावा. जुन्या साडीची जर खरी आहे का हे जाणकाराला दाखवल्याशिवाय ती बोहारणीला देऊ नका. लाकूड बोटाने वाजवा. पोकळ वाजलं तर वाळवी आहे, ते घरात घेऊ नका.

कागद

खरी कसोटी इथे आहे. मलाही सगळ्यात जास्त अडायला व्हायचं ते इथेच. ट्रंकेत वर प्रगतिपुस्तकं, मध्ये लाईटबिलं, लग्नपत्रिका आणि तळाशी गंजलेल्या टाचणीत अडकलेलं वाटणीपत्र, असा सगळा काला असतो. तारखेनुसार लावायला बसलं की काम पुढे सरकत नाही, कारण काही कागदांवर शके असतं, काहींवर फसली सन म्हणजे महसुलाचं जुनं वर्ष, काहींवर तारीखच नसते. विषयानुसार लावायचं तर प्रत्येक कागद वाचावा लागतो आणि माणूस पहिल्याच पत्रात हरवतो. शेवटी जे जमलं ते एवढंच: कागद कधीचा हे विचारायचं नाही, तो कशाचा पुरावा आहे हे विचारायचं. जमिनीचा, माणसाचा, नोकरीचा की पैशाचा. न वाचता येणाऱ्यांचा ढीग वेगळा आणि पत्रांचा वेगळा. कागदाचा वरचा भाग आणि शिक्का बघितला की बहुतेक वेळा ढीग ठरतो. सगळे ढीग पडल्याशिवाय एकही कागद सावकाश वाचायचा नाही आणि एकही रद्दीत टाकायचा नाही.

जमिनीच्या ढिगात खरेदीखत, वाटणीपत्र, हक्कसोडपत्र, मृत्युपत्र कुणीही ओळखतं. टाकले जातात ते साधे दिसणारे कागद. "सातबारा आता ऑनलाइन मिळतो, जुने कशाला ठेवायचे?" हा सल्ला ज्याने पहिल्यांदा दिला त्याने पुष्कळ घरांचं नुकसान केलं आहे. आजचा सातबारा आज जमीन कुणाच्या नावावर आहे एवढंच सांगतो. ती त्या नावावर कशी आली हे फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याची नोंद, सांगतो. कितीतरी घरांत थोरल्या भावाचं नाव एकत्र कुटुंबाचा कर्ता म्हणून लागलं, पुढे त्याच्याच वारसांची नावं लागत गेली आणि धाकट्यांची शाखा उताऱ्यावरून पुसली गेली. मूळ नोंद कर्ता म्हणून होती, हे दाखवणारा जुना फेरफार घरात असेल तर तो सोन्यासारखा जपा.

दुसरी गफलत नंबरांची. जिथे एकत्रीकरण योजना झाली तिथे जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. नातवंडं जुन्या कागदावरचा नंबर आजच्या सातबाऱ्याशी ताडून बघतात, जुळत नाही, आणि "ही आपली जमीन नाही" म्हणून कागद बाजूला टाकतात. जमीन तीच असते. तिसरा कागद कुळाचा. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनानंतर कूळ कायद्याखाली जमिनी कुळांच्या मालकीच्या होऊ लागल्या. त्या व्यवहारातला किंमत ठरवणारा ३२-ग चा हुकूम, हप्त्यांची चलनं आणि शेवटचं खरेदीचं ३२-म प्रमाणपत्र लाईटबिलांच्या गठ्ठ्यात निघालेलं मी पाहिलं आहे. म्हणून गठ्ठा वरून बघून टाकू नका, आतला एकेक कागद उलटा.

माणसांच्या ढिगात शाळा सोडल्याचे दाखले आणि जन्म-मृत्यूच्या नोंदींच्या नकला येतात. आजोबांचा चौथीचा दाखला नुसती आठवण नव्हे. जात पडताळणीला अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे पुरावे लागतात. नात मेडिकलला प्रवेश घेते तेव्हा हा दाखला शोधायला सगळं घर पालथं घालावं लागतं.

नोकरीचे कागद कोकणात आणि साताऱ्याकडे जास्त जपा. घरातलं कुणी मुंबईला गिरणीत असेल तर तिकीट नंबर असलेलं कार्ड, ई.एस.आय.चा कागद, प्रॉव्हिडंट फंडाची पावती यातलं काहीही टाकू नका. १९८२ च्या संपात देशोधडीला लागलेल्या कामगारांच्या वारसांना म्हाडाच्या घरासाठी हेच पुरावे द्यावे लागले, आणि ज्यांच्याकडे ते नव्हते त्यांची परवड झाली.

पैशाच्या ढिगात कंपन्यांची शेअर सर्टिफिकेटं निघाली तर "बाद झाली असतील" असं धरून चालू नका. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर नेहमीसारखे दुसऱ्याच्या नावावर होत नाहीत, पण वारसांच्या नावावर होतात. लाभांश सलग सात वर्षं उचलला नसेल तर शेअर सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडे जातात आणि तिथून अर्ज करून परत मिळवता येतात. साखर कारखान्याचा भाग दाखलाही वारसांच्या नावे करून घ्यायचा असतो. पाचशे-हजारच्या जुन्या नोटा सापडल्या तर आठवणीला चार-दोन ठेवा. दहापेक्षा जास्त बाळगणं २०१७ च्या कायद्याने गुन्हा आहे.

न वाचता येणारा ढीग बहुधा मोडी या जुन्या लिपीतला. त्याला विसर्जन नाही, बंब नाही, आणि भारी किंमत सांगणाऱ्या संग्राहकाला तर मुळीच नाही. जुन्या स्टॅम्पपेपरला बाजारात गिऱ्हाईक असतं आणि त्या कागदावर तुमच्या घराची हद्द लिहिलेली असू शकते. आधी प्रत्येक पानाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा आणि मोडी वाचकाला फोटोच पाठवा, मूळ कागद हातचा सोडू नका. शके दिसलं तर ७८ मिळवा, फसली असेल तर ५९०, म्हणजे साधारण इसवी सन मिळतो. घरगुती व्यवहारापलीकडचं काही निघालं, सनद, वतनाचे कागद, देवस्थानचे हिशेब, तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेशी बोला. १९१० साली हे मंडळ स्थापन करणारे इतिहासाचार्य राजवाडे घराघरांतली अशीच दप्तरं शोधत गावोगाव फिरले. हस्तलिखित पोथ्यांचंही तेच. फाटकी झाली म्हणून पोथी नदीत सोडायची रीत मला अजिबात मान्य नाही. पुण्याच्याच भांडारकर प्राच्यविद्या संस्थेला विचारून बघा, निदान फोटो तरी काढा.

आता कागद हाताळण्याबद्दल, कारण जपण्याच्या नादातच ते जास्त मरतात.

लॅमिनेशन कधीही करू नका. उष्णतेने आणि डिंकाने कागद कायमचा त्या प्लास्टिकात अडकतो, शिक्का आणि सही नीट तपासता येत नाही. सेलोटेप लावू नका. काही वर्षांत ती पिवळी पडते, अक्षरावर डाग धरते आणि काढायला गेलं की शाई घेऊनच निघते. उन्हात वाळवू नका, सावलीत वाऱ्यावर पसरा. गंजलेली टाचणी ओढायची नाही: कागद सपाट धरून, टाचणी ज्या वाटेने आत गेली त्याच वाटेने हळूच सरकवायची. घडी कडक झाली असेल तर जोर करू नका, जेवढी उघडते तेवढ्याचा फोटो घ्या आणि जाणकाराकडे न्या. धूळ रंगाच्या मऊ ब्रशने झटका. मग धुतलेल्या मांजरपाटाच्या रुमालात गुंडाळून सुती नाड्याने बांधा, रबर लावू नका. सोबत वेखंडाची कांडी ठेवा. पूर्वीची दप्तरं अशीच टिकली.

फोटो आणि पत्रं

खुर्चीतल्या वयस्कर माणसाचं काम हे. फोटो एकेक दाखवा आणि नावं विचारून मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा, बॉलपेनने नाही. हे पुढच्या सुट्टीवर टाकू नका. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो उपटू नका, अख्ख्या पानाचाच फोटो घ्या. पत्रं ज्याची त्याला किंवा त्याच्या मुलांना द्या. सगळ्यांसमोर मोठ्याने वाचू नका. मनीऑर्डरची कुपनं मात्र वेगळी काढून ठेवा. मुंबईहून पाठवलेल्या पैशांखाली त्या वीतभरही नसलेल्या जागेत चार ओळी लिहिलेल्या असतात, आणि कुणी कधी कुठे होतं हे त्यावरून कळतं.

वाटणी आणि रद्दी

भांडी वाटा, कागद वाटू नका. मूळ कागद एकाच घरी, स्कॅन सगळ्यांना. यादी करून सगळ्यांच्या सह्या घ्या, एक प्रत ट्रंकेच्या झाकणाला आतून लावा. रद्दी सगळ्यात शेवटी, आणि रद्दीवाला उंबऱ्यावर उभा असताना निवड करायची नाही. प्रत्येक वही-पुस्तक पाठीला धरून झटका; पावत्या पंचांगात दडलेल्या असतात.

यादी झाल्यावर काय हरवलं आहे हे दिसेल. नोंदणीकृत दस्ताची नक्कल दुय्यम निबंधकाकडे, जुने फेरफार तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात, शाळेची नोंद शाळेच्या जनरल रजिस्टरात. गावात आहात तोवरच हे अर्ज टाका आणि पोच घेऊन ती त्याच ट्रंकेत ठेवा.