तापमानावरून अणूची तरंगलांबी कशी काढायची?

जानेवारीतली पहाट, पुण्यात पारा १० अंशांवर. आदल्या संध्याकाळी सारसबागेतून आणलेला हेलियमचा फुगा अजून छताला टेकून आहे. त्यातले अणू सेकंदाला साधारण १३०० मीटर वेगाने धावताहेत. आणि १९२४ मध्ये लुई डी ब्रॉग्ली यांनी मांडलं त्याप्रमाणे, प्रत्येक अणू तरंगही आहे. त्या तरंगाची लांबी काढायला तापमान, अणुभार आणि सायंटिफिक कॅल्क्युलेटर एवढं पुरतं.

डी ब्रॉग्लींचं सूत्र सोपं आहे: प्लांकच्या स्थिरांकाला संवेगाने (म्हणजे वस्तुमान × वेग) भागा. हा संवेग आपल्याला तापमानावरून मिळतो. वायूतल्या अणूची सरासरी गतिज ऊर्जा म्हणजे दीडपट बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमान. त्यावरून:

तरंगलांबी = प्लांक स्थिरांक ÷ √(३ × वस्तुमान × बोल्ट्झमन स्थिरांक × तापमान)

आधी तापमान केल्विनमध्ये घ्या: १० + २७३ = २८३. मुलं सर्वांत जास्त इथेच चुकतात. २८३ ऐवजी १० ठेवलं, तर उत्तर पाचपटीहून मोठं येतं आणि दिसायला अगदी बरोबर वाटतं, म्हणून चूक सापडतच नाही.

मग एका अणूचं वस्तुमान, किलोग्रॅममध्ये. हेलियमचा अणुभार ४, त्याला १.६६ × १०^−२७ ने गुणलं की ६.६५ × १०^−२७ किलो येतं (^ म्हणजे घात). हायड्रोजन किंवा नायट्रोजन असेल, तर अणूचं नव्हे, रेणूचं वस्तुमान घ्या. हे वायू जोडीने फिरतात.

आता आकडे भरा, बोल्ट्झमन स्थिरांक १.३८ × १०^−२३ घेऊन. ३ × ६.६५ × १०^−२७ × १.३८ × १०^−२३ × २८३ = ७.७९ × १०^−४७. हे सगळं मुळाच्या आत कंसात टाका, नाहीतर मुळाचं चिन्ह फक्त ३ लाच लागतं. वर्गमूळ ८.८३ × १०^−२४. प्लांकच्या ६.६३ × १०^−३४ ला त्याने भागलं की ७.५ × १०^−११ मीटर, म्हणजे ०.०७५ नॅनोमीटर.

ताळा करायला एक छोटी वाट सांगतो. सगळे स्थिरांक एकदाच गुंडाळले, तर तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये = २.५३ ÷ √(अणुभार × केल्विन तापमान). ४ × २८३ = ११३२, मूळ ३३.६, उत्तर तेच. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवण्यासारखं आहे हे.

मे महिन्यात पारा ४० वर गेला तरी ही लांबी जेमतेम ५ टक्क्यांनी घटते, कारण तापमान मुळाच्या आत बसलंय. काही पुस्तकांत ३ च्या जागी २π दिसेल. ती ‘औष्णिक तरंगलांबी’, सुमारे ३१ टक्क्यांनी लहान. दोन्ही बरोबर, फक्त कुठली वापरली ते लिहा.

पण नुसत्या उत्तरावर थांबू नका, ते अणूंमधल्या अंतराशी ताडून पाहा. खरी गंमत तिथे आहे. फुग्यात हे अंतर सुमारे साडेतीन नॅनोमीटर, तरंगाच्या चाळीसपटीहून जास्त. म्हणून तिथे अणू छोट्या गोळ्यांसारखे वागतात आणि तरंगपणा लपून राहतो.

आता रुबिडियम घ्या, अणुभार ८७. अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये १९९५ साली त्याचा वायू १७० नॅनोकेल्विनपर्यंत थंड केला होता. आपल्या पुण्यात पाषाणच्या आयसर या विज्ञान संस्थेतही असल्या अतिशीत अणूंवर संशोधन चालतं. छोट्या सूत्रात ०.०००००००१७ केल्विन भरा. उत्तर ६५० नॅनोमीटरच्या पुढे, म्हणजे लाल प्रकाशाच्या तरंगाएवढं! त्या वायूत दोन अणूंमधलं अंतरही जवळपास तेवढंच होतं. तरंग एकमेकांत मिसळले आणि सत्येंद्रनाथ बोस व आइन्स्टाइन यांच्या गणितातलं संघनित, म्हणजे सगळे अणू मिळून एकाच तरंगासारखे वागतात ती अवस्था, प्रयोगशाळेत दिसलं.