वराहपालन: मुलांना पाण्याचं काम द्या, व्यालेल्या मादीपासून लांब ठेवा

घरच्या वराहपालनात आठ-दहा वर्षांच्या मुलाला पहिलं काम द्यायचं तर पाण्याचं द्या. पाजणाऱ्या मादीला दिवसाला 20 लिटरहून जास्त पाणी लागतं, आणि निपल (डुक्कर तोंडाने दाबून पाणी पितं ती नळाची तोटी) तुंबलं तर ते मोठ्यांच्या लक्षातही येत नाही. मुलाने कुंपणाबाहेरून काठीने प्रत्येक निपल दाबून बघावं. धार बारीक वाटली की लगेच सांगावं. हे काम मुलं फार मन लावून करतात.

व्यालेल्या मादीच्या कप्प्यात मात्र मुलाला एकटं सोडू नका, ती कितीही माणसाळलेली असो. पिल्लू उचललं की ते किंचाळतं, आणि ती आवाज ऐकताच धावून येते. तिचं वजन दीडशे-दोनशे किलो! पिल्लू बघायचंच असेल तर मोठ्यांनी बाहेर आणून दाखवावं.

जनावरं हलवताना मुलाने हातात धरलेल्या फळीमागे उभं राहावं. समोर भिंतीसारखं दिसलं की डुक्कर वळतं. शेडचे गमबूट शेडमध्येच राहू द्या, बाहेर पडताच साबणाने हात धुवायला लावा. मुलाला सर्दी-ताप असेल त्या दिवशी सुट्टी, कारण माणसाचा फ्लू डुकरांनाही होतो.